रकाना क्रमांक नऊ

किंटाम्पोच्या नाक्यावर पहाटे साडेचारला
आधी वाळवंटाकडची धूळ येते,
मग धुळीतून ट्रक.
मी हात दाखवते. दहातले चार थांबतात.
उरलेल्या सहांबद्दल मार्गदर्शिकेत लिहिलंय:
थांबलेल्यांवरून अंदाज बांधावा.

थांबतो तो विचारतो, पोलीस का कर?
दोन्ही नाही, मी म्हणते. गणती.
ह्यावर तो जास्तच सावध होतो.

माल कोणता? याम.
वजन? बाराशे.
किलो? नाही हो, कंद. बाराशे कंद.
म्हणजे मोजून बाराशे?
शहरातून सुट्टीला आलेल्या भाचीकडे बघावं
तसा तो माझ्याकडे बघतो.
बाई, आमचं शंभर एकशे दहाचं असतं.
वरचे दहा वाटेत मोडणाऱ्यांचे.

रकान्यात जागा आहे ती टनांना,
दशांश चिन्ह छापून तयार.
चार वर्षं मी तिथे काहीबाही भरलं.
देशाने ते काहीबाही बेरजेत घेतलं,
आणि त्या बेरजेवरून कुठेतरी
एखाद्या पुलाची जाडी ठरली असेल.
पूल उभा आहे म्हणतात.
मी त्यावरून जाताना बसमध्ये झोपत नाही.

पण मला सांगायचंय ते नवव्या रकान्याचं.
भरलेला की रिकामा?
दक्षिणेकडून परतणारा जो तो सांगतो, रिकामा.
मी ‘रिकामा’भोवती गोल काढते.
असे इतके गोल काढले
की अहवालात एक आख्खं पान त्यांचं झालं,
आणि अक्रात कोणीतरी हळहळलं,
केवढं हे डिझेल वाया.

मग वुम्बेई भेटला.
टायर बदलत होता; नमस्कार-चमत्कार न करता
जॅकचा दांडा माझ्या हातात दिला.
त्याच्या रिकाम्या ट्रकवर दीड पुरुष उंच
टोमॅटोची लाकडी खोकी रचलेली.
हे काय? रिकामी खोकी.
म्हणजे ट्रक रिकामा?
ट्रक भरलाय. खोकी रिकामी आहेत.
भाडं घेतलंस? फुकट कोण आणतं!
आणि खोक्यांच्या आड?
सिमेंटच्या नऊ गोणी. पायाचं शिलाई मशीन.
साबणाचे खोके, दोरीने बांधलेले.
हा माल नाही का?
छे. हे मेहुणीचं.

त्या रात्री फॉर्मच्या पाठीमागे मी लिहिलं:
रिकामा का, असं विचारू नये.
विचारावं, इथून पुढे कुठे कुठे थांबणार
आणि तिथे काय उतरवणार.
वजन विचारू नये, नग विचारावेत,
आणि त्यांचं शंभर कितीचं ते आधी.
दुसऱ्या दिवशी मीच विचारून पाहिलं.
सतरा ट्रक. खरा रिकामा एकच,
तोही फाटकी ताडपत्री शिवायला चाललेला.

दीड महिन्याने उत्तर आलं,
सांख्यिकी खात्यातल्या झिफा आग्बेन्येगाचं.
प्रिय मेमुना, तुमचं खरं आहे.
पण प्रश्न बदलला की मालिका तुटते.
यंदा वाहतूक अचानक दुप्पट दिसेल,
आणि मंत्री विचारतील, ही वाढली कशी?
काय सांगू? की ती होतीच?

मी बराच वेळ पत्र घडी करत राहिले.
ती चूक नव्हती, हा त्रास होता.
जुन्या खोट्याशी
नवं खरं कुठल्या मापाने जोडायचं?

शेवटी ठरलं: एक वर्ष दोन्ही प्रश्न.
आधी जुना, त्याचं जुनं उत्तर जसंच्या तसं,
मग नवा. फरक वेगळ्या कागदावर.

म्हणून आता मी विचारते, रिकामा?
तो म्हणतो, रिकामा. मी गोल काढते.
मग विचारते, पुढे काय उतरवणार?
त्याला वाटतं, बाईला ऐकू कमी येतं.
तो इंजिन बंद करतो,
खिडकीतून अर्धा बाहेर वाकतो
आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडतो:
पत्रे! बारा पत्रे! मिठाच्या गोणी!
आणि एक गादी, तामालेला,
माझ्या बहिणीची!